आधी घाव भरू द्यावा, मग औषध : काढणीनंतरच्या बटाट्याचे शास्त्र

जमिनीतून काढलेला बटाटा हा जिवंत अवयव असतो. झाडापासून सुटल्यावरही त्याचे श्वसन चालू राहते, त्यातून उष्णता व बाष्प बाहेर पडते. काढणीच्या वेळी कुदळीचा, नांगराचा किंवा यंत्राचा घाव बसला असेल, तर तो भरून काढण्याचे कामही बटाटा स्वतःच हाती घेतो. या कामाला बेताची ऊब, हवेत पुरेसा ओलावा, खेळती हवा आणि काही दिवसांची सवड लागते. ती मिळाली तर तोच माल शीतगृहात कित्येक महिने टिकतो. ती नाकारली गेली, तर एका पोत्यातील दोन-चार जखमी बटाट्यांपासून सुरू झालेली कुज थप्पीभर पसरते.

या साऱ्यात एक अडचण आहे. साठवणीत कोंब फुटू नयेत म्हणून जे रसायन जगभर सर्वाधिक वापरले गेले, तेच घाव भरण्याच्या क्रियेलाही अडवते. कोंब फुटणे आणि घाव भरणे या दोन्ही गोष्टी पेशींच्या विभाजनावर अवलंबून असतात. विभाजन थांबवले की कोंब थांबतो आणि घावावरची नवी त्वचाही थांबते. त्यामुळे कोणते औषध द्यावे याइतकाच ते केव्हा द्यावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गोव्यासाठी हा विषय परका नाही. पोर्तुगीजांकडून आलेला 'बटाटा' हा शब्द मराठी आणि कोकणीत रुजला. पीक मात्र गोव्याच्या मातीत फारसे रुजले नाही. येथील स्वयंपाकघरांत येणारा बटाटा मोठ्या प्रमाणात बेळगावच्या बाजारपेठेतून घाट उतरतो. तेथे बेळगावचा जवारी, तळेगाव, इंदूर, आग्रा अशा नावांनी मालाची ओळख असते. ही नावे केवळ गावांची नव्हेत. माल किती दूरवरून आला, शेतातून ताजा आला की शीतगृहातून, त्यावर कितीदा हमाली झाली, याचाही अंदाज त्यांतून येतो.

साल म्हणजे बुचाचे कवच

बटाटा हे मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे. झाडाच्या बुडापासून आडव्या वाढणाऱ्या भूमिगत फांदीचे टोक फुगते, त्यात पिष्ट साठते आणि बटाटा तयार होतो. त्यावरील 'डोळे' म्हणजे या खोडावरील कळ्या. पुढे याच कळ्यांतून कोंब फुटतात.

बटाट्याची साल दिसायला पातळ असली तरी तिची रचना तिहेरी असते. सर्वांत बाहेर मृत पेशींचे अनेक थर असतात. त्यांच्या भित्तिकांत सुबेरिन नावाचे मेणचट द्रव्य भरलेले असते. बाटलीला लावायचे बूच ज्या ओक वृक्षाच्या सालीपासून बनते, त्या सालीतही हेच द्रव्य असते. या बुचपेशींच्या खाली सतत विभागू शकणाऱ्या पेशींचा एक नाजूक थर असतो आणि त्याखाली जिवंत पेशींचा आणखी एक पातळ पदर. बाहेरचे बूच पाणी आत अडवून धरते आणि जंतूंना बाहेर ठेवते.

बटाटा वाढत असेपर्यंत मधला विभाजनशील थर कोवळा असतो आणि त्याच्या पेशींच्या भित्तिका सहज फाटतात. अपक्व बटाटा अंगठ्याने चोळला की साल सुटते ती या थराच्या जागी. वाढ थांबली की हा थर घट्ट होतो आणि साल 'पक्की' होते. म्हणूनच काढणीच्या दहा ते पंधरा दिवस आधी पाला कापून पाणी तोडण्याची शिफारस केली जाते. हे दिवस वाचवून, चढा भाव गाठण्यासाठी कच्चा माल काढला, तर पुढील साऱ्या अडचणींची सुरुवात तेथेच होते.

घाव कोठे होतात

काढणीत होणारे घाव तीन प्रकारचे असतात. पहिला कापण्याचा : कुदळ किंवा यंत्राचा फाळ थेट बटाट्यात शिरतो. दुसरा सोलवटण्याचा : साल कोवळी असताना बटाटे एकमेकांवर, ढेकळांवर किंवा यंत्राच्या साखळीवर घासतात आणि सालीचे पापुद्रे निघतात. तिसरा ठेचण्याचा : उंचावरून टणक पृष्ठभागावर पडल्याने वरून साल शाबूत दिसते, पण आतील पेशी फुटून गर काळा पडतो. प्रतवारी, पोती भरणे, ट्रकवर फेकणे आणि हमालांचे आकडे यांमुळे शेतानंतरही घावांची भर पडत राहते.

उघडा घाव दोन प्रकारे नुकसान करतो. शाबूत सालीच्या तुलनेत ताज्या घावातून पाणी शेकडो पट वेगाने उडते. बटाटा वजनावर विकला जातो, त्यामुळे उडालेले पाणी म्हणजे थेट पैशाचा तोटा होय. याशिवाय घाव हा रोगजंतूंचा दरवाजा ठरतो. फ्युझॅरियम बुरशीमुळे होणारी कोरडी कुज शाबूत सालीतून सहसा आत शिरत नाही. तिला घाव लागतो. जिवाणूंमुळे होणारी ओली कुज तर घाव आणि पाण्याचा थर एकत्र मिळाल्यावर काही दिवसांत बटाट्याचा दुर्गंधीयुक्त लगदा करते.

बेळगाव परिसरात आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत बटाटा खरिपातही घेतला जातो. हे वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे ठरते. उत्तर भारतातील रब्बी बटाटा कोरड्या हवेत निघतो. पावसाळी बटाटा मात्र ओल्या जमिनीतून, चिखलासह आणि अनेकदा साल पुरेशी पक्की होण्यापूर्वी काढला जातो. त्यामुळे त्याला जखमा अधिक, पाणी अधिक आणि जंतूंचा धोकाही अधिक असतो.

घाव भरण्याचे दोन टप्पे

घाव बसताच बटाट्यात काही तासांत हालचाल सुरू होते. फुटलेल्या पेशी मरतात; त्यांच्या लगतच्या जिवंत पेशींचे श्वसन वाढते. फेनिलअॅलनीन अमोनिया-लायेज हे विकर सक्रिय होते. सुबेरिनसाठी लागणारे फिनॉलवर्गीय घटक तयार करण्याच्या साखळीची ही पहिली कडी. अॅब्सिसिक आम्ल हे वनस्पती-संप्रेरक या कामाला चालना देते.

पहिल्या टप्प्यात नव्या पेशी बनत नाहीत. घावालगत असलेल्या जुन्याच पेशींच्या भित्तिकांवर सुबेरिन चढते आणि एक तात्पुरता बंदिस्त थर तयार होतो. हे अस्तर दोन हप्त्यांत चढते. आधी फिनॉलवर्गीय भाग बसतो. तो जिवाणूंना रोखतो. नंतर मेदवर्गीय भाग बसतो. बुरशीला अटकाव करण्यासाठी तो आवश्यक असतो. त्यात मिसळणारे मेण पाण्याची वाफ अडवते. याचा अर्थ असा, की अर्धवट भरलेला घाव जिवाणूंपासून सुरक्षित झालेला असला तरी बुरशीला अजून उघडा असू शकतो.

दुसऱ्या टप्प्यात खरी नवी साल तयार होते. बंदिस्त थराच्या खाली असलेल्या पेशी विभागू लागतात. त्यांतून नवा विभाजनशील थर उभा राहतो आणि तो बाहेरच्या बाजूला बुचपेशींचे एकावर एक थर रचतो. या पेशी घावाला समांतर, विटांच्या रांगेप्रमाणे नीट मांडलेल्या दिसतात. या रचनेला घावत्वचा म्हणता येईल. मूळ सालीच्या तोडीचे, दीर्घकाळ टिकणारे संरक्षण हीच देते. पहिला टप्पा ही तातडीची मलमपट्टी आणि दुसरा टप्पा ही कायमची दुरुस्ती. या दुसऱ्या टप्प्याला पेशीविभाजन अनिवार्य असते.

ऊब, ओलावा आणि हवा

घाव भरण्यावर तापमानाचा व आर्द्रतेचा काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट आर्टश्वागर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील अनेक अभ्यासांनी त्याचे स्थूल चित्र पक्के केले. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात एक-दोन दिवसांत सुबेरिन चढू लागते आणि दोन-तीन दिवसांत घावत्वचेची सुरुवात होते. १० अंशांवर सुबेरिनला तीन-चार दिवस आणि घावत्वचेच्या आरंभाला सुमारे आठवडा लागतो. ५ अंशांवर पहिल्याच टप्प्याला आठवडा जातो. २ अंशांच्या आसपास तर घावत्वचा जवळजवळ बनतच नाही. दुसऱ्या टोकाला, तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले तरी ही क्रिया खुंटते. हे आकडे आरंभाचे आहेत. घावत्वचा पुरेशी जाड होण्यास त्यापुढे आणखी दिवस लागतात.

घाव सर्वांत वेगाने २० ते २५ अंशांवर भरतो, तरी शीतगृहे हे तापमान निवडत नाहीत. त्या उबेत जिवाणूही वेगाने वाढतात. म्हणून व्यवहारात १० ते १५ अंश, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि दोन ते तीन आठवडे असा मध्यम मार्ग रूढ आहे. या काळाला इंग्रजी धर्तीवर 'क्युअरिंग' म्हणतात. भारतात रब्बी बटाट्याचे क्युअरिंग बहुतेक शेतावरच होते. सावलीत ढीग घालून त्यावर भाताचा पेंढा किंवा गवत पसरतात आणि माल दहा-पंधरा दिवस तसाच ठेवतात. पेंढ्यामुळे ऊन अडते, ओलावा टिकतो आणि बटाटा हिरवा पडत नाही. बटाटा पोखरणाऱ्या पाकोळीला अंडी घालण्यास उघडा बटाटा मिळत नाही, हा आणखी एक लाभ.

ओलावा म्हणजे पाणी नव्हे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. हवा दमट हवी, पण बटाट्यावर पाण्याचा पातळ थर साचता कामा नये. असा थर प्राणवायू अडवतो आणि ओल्या कुजीला आमंत्रण देतो. श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड कोंडला तरी घाव भरणे मंदावते. म्हणून हवा खेळती लागते.

याच्या उलट चूक अधिक सामान्य आहे. जखमी बटाटे उन्हात किंवा वाऱ्यावर पसरले की घाव लवकर सुकतो आणि वरून खरखरीत, पांढुरकी खपली दिसते. घाव भरला असा समज होतो. प्रत्यक्षात सुबेरिन चढण्यापूर्वीच वरच्या पेशी वाळून मेलेल्या असतात आणि ही खपली म्हणजे बव्हंशी वाळलेले पिष्ट असते. साठवणीत ती तडकते आणि खालचा गर पुन्हा उघडा पडतो.

कोंब रोखणारे औषध

काढणीनंतर बटाटा काही काळ सुप्तावस्थेत असतो. वाणानुसार हा काळ कमी-अधिक, साधारण दोन महिन्यांचा धरता येतो. त्यानंतर ऊब मिळाली की डोळ्यांतून कोंब फुटतात. कोंब पिष्टाची साखर करून वापरतात, पाणी उडवतात आणि बटाटा सुरकुततो. कोंबांत सोलॅनीनसारखी विषारी अल्कलॉइडेही मोठ्या प्रमाणात असतात.

२ ते ४ अंशांच्या थंडीत कोंब रोखता येतात आणि भाजीच्या बटाट्याची बहुतेक भारतीय शीतगृहे तेच करतात. पण या थंडीत पिष्टाची साखर होते. असा बटाटा भाजीत गोडसर लागतो आणि वेफर्ससाठी तळला तर तपकिरी, कडवट होतो. इंदूर, उज्जैन, देवास हा माळव्याचा पट्टा वेफर्सच्या उद्योगाला बटाटा पुरवणारा म्हणून नावाजला आहे. अशा मालाला १० ते १२ अंशांवर ठेवावे लागते. त्या तापमानाला साखर फारशी वाढत नाही, पण कोंब मात्र फुटतात. हा पेच सोडवण्यासाठी कोंबरोधक रसायन येते.

या वर्गातील प्रमुख रसायन म्हणजे क्लोरप्रोफॅम. शीतगृहांत ते सीआयपीसी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. मुळात ते तणनाशक म्हणून पुढे आले आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी त्याचा कोंबरोधक गुण लक्षात आला. द्रवरूप औषध यंत्रात तापवून त्याचे दाट धुके करतात, पंख्याने ते कोठीत फिरवतात आणि कोठी काही काळ बंद ठेवून मग हवा देतात. या पद्धतीला 'फॉगिंग' हा शब्द रुळला आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या कामातून भारतात १०-१२ अंशांची साठवण आणि फॉगिंग ही जोडी प्रचारात आली. तीत पहिले फॉगिंग कोंब डोकावू लागताना आणि दुसरे सुमारे दोन महिन्यांनी असा क्रम ठेवला जातो.

क्लोरप्रोफॅम काम करते ते पेशीच्या आतील सूक्ष्मनलिकांवर. पेशी विभागताना गुणसूत्रांच्या दोन समान वाटण्या करण्यासाठी या नलिकांची तर्कूसारखी रचना उभी राहते. औषध ही रचना विस्कळीत करते. गुणसूत्रे वेगळी होऊ शकत नाहीत आणि विभाजन अर्ध्यातच अडते. डोळ्यातील कळीला वाढता येत नाही.

औषधाला घाव आणि कोंब यांतला भेद कळत नाही

कळीतील पेशी आणि घावाखालील पेशी यांना क्लोरप्रोफॅम वेगळे ओळखत नाही. दोन्ही ठिकाणी विभाजनच थांबते. १९६२-६३ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी या परिणामाचा सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेतला. रीव्ह, फॉरेस्टर आणि हेंडेल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, औषध दिलेल्या बटाट्यांत घाव भरणे अडते याचा ऊतींच्या पातळीवरील पुरावा मांडला.

दोन टप्प्यांचे गणित येथे उपयोगी पडते. पहिल्या टप्प्याला विभाजन लागत नाही. म्हणून औषध लागलेल्या बटाट्यातही घावालगतच्या पेशींवर सुबेरिनचे अस्तर चढू शकते. दुसऱ्या टप्प्याला विभाजन लागते, म्हणून घावत्वचा मात्र खुंटते. परिणामी औषध दिलेल्या बटाट्याचा ताजा घाव वरवर बंद झालेला दिसतो. पण त्यामागे पक्की भिंत उभी राहत नाही. महिने जातात तसे अशा जागेतून पाणी जास्त उडते आणि तात्पुरत्या थराला तडा गेला की बुरशीला वाट मिळते.

यावरून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला : फॉगिंगपूर्वी घाव पूर्ण भरलेले असावेत. क्युअरिंगचे दोन-तीन आठवडे संपण्याआधी औषध देऊ नये, ही सूचना जगभरातील साठवण-मार्गदर्शिकांत आढळते ती याच कारणाने. दुसरा : फॉगिंगनंतर नवे घाव होऊ देऊ नयेत. मध्येच कोठी उघडून माल पालटणे, पुन्हा प्रतवारी करणे, पोती आपटणे यांमुळे होणारे घाव आता भरून येणार नाहीत. असा माल हाताळलाच, तर तो लवकर बाजारात गेलेला बरा.

घाई करण्याची गरजही सहसा नसते. सुप्तावस्थेमुळे काढणीनंतर पहिले काही आठवडे कोंब फुटतच नाहीत. बटाट्याला घाव भरण्यासाठी हवे असलेले दिवस या काळात सहज बसतात. औषध लवकर देण्यामागे शास्त्रापेक्षा सोय अधिक असते. कोठी एकदाच भरून एकदाच धुरावी, यंत्र व कारागीर पुन्हा बोलवावे लागू नयेत, ही ती सोय. याच्या विरुद्ध टोकाची चूकही तितकीच महाग पडते. कोंब चांगले वाढल्यावर औषध दिले तर ते त्यांना परतवू शकत नाही. म्हणजे घाव भरल्यानंतर आणि कोंब वाढण्याआधी, अशी एकच खिडकी उरते. ती ओळखण्यासाठी कोठीतील नमुन्याचे बटाटे नियमित काढून पाहणे हाच मार्ग आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे नाही

युरोपीय संघाने २०१९ मध्ये क्लोरप्रोफॅमची मान्यता पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय घेतला आणि सदस्य देशांत त्याचा वापर ऑक्टोबर २०२० पर्यंत थांबला. औषधाच्या विघटनातून होणाऱ्या ३-क्लोरोअॅनिलीन या पदार्थाविषयीची शंका त्यामागे होती. जुन्या कोठ्यांच्या भिंतींत व जमिनीत औषध वर्षानुवर्षे मुरलेले असल्याने नव्या मालालाही ते थोडे लागते. हे ओळखून तेथे बटाट्यातील अवशेषाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅमवरून ०.४ मिलिग्रॅमवर आणण्यात आली, शून्यावर नव्हे. भारतात व अमेरिकेत मात्र वापर चालू आहे.

पर्याय म्हणून जी द्रव्ये पुढे आली, त्यांतील कार्व्होनचे उदाहरण बोलके आहे. शहाजिरे आणि बाळंतशेपा यांच्या तेलात आढळणारे हे सुगंधी द्रव्य नेदरलँड्समध्ये कोंबरोधक म्हणून वापरात आले. पण १९९५ मध्ये तेथील संशोधकांनी दाखवून दिले, की हे द्रव्य घावातील फेनिलअॅलनीन अमोनिया-लायेज या विकरालाच दाबते आणि सुबेरिनचा पहिला टप्पाही अडवते. म्हणजे क्लोरप्रोफॅम घावत्वचेला अडवते, तर स्वयंपाकघरातील मसाल्यात असणारे हे द्रव्य त्याही आधीच्या मलमपट्टीला. 'आधी घाव, मग औषध' हा क्रम येथेही तितकाच बंधनकारक ठरतो.

गॅमा किरणांचा मारा हा दुसरा पर्याय. अल्प मात्रेत तो कळीतील पेशींची विभाजनक्षमता कायमची नष्ट करतो. कांद्यासाठी लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' हे किरणन केंद्र महाराष्ट्रात परिचित आहे. बटाट्याच्या बाबतीत तोच पेच येथेही उभा राहतो. घावत्वचेसाठी लागणारे विभाजनही किरणांमुळे थांबते. किरणित बटाट्याचे घाव कसे भरतात, यावर ट्रॉम्बेच्या या केंद्रातही संशोधन झाले आहे. रसायन नाही म्हणून क्रम बदलत नाही. येथेही क्युअरिंग आधीच करावे लागते.

इथिलीन वायू काही देशांत कोंब खुरटे ठेवण्यासाठी वापरतात. लवंगेच्या तेलाची वाफ फुटलेले कोंब जाळते. त्यांचा परिणाम टिकवण्यासाठी ते सतत किंवा पुन्हापुन्हा द्यावे लागतात आणि त्यामुळे खर्च वाढतो.

बियाण्याचा बटाटा : येथे औषध नकोच

खाण्याच्या बटाट्यात जो गुण, तो बियाण्यात दोष ठरतो. क्लोरप्रोफॅम लागलेला बटाटा पेरला तर उगवण अडते किंवा विरळ, दुबळी होते. ज्या कोठीत पूर्वी फॉगिंग झाले आहे तेथे बियाणे ठेवू नये, असा सर्वत्र दंडक आहे. रिकामी पोतीही एकमेकांत मिसळू नयेत. बाजारातून स्वस्त मिळालेला शीतगृहातील खाण्याचा बटाटा बियाणे म्हणून लावण्याचा मोह हंगामाच्या तोंडाशी होतो. त्यात हा धोका दडलेला असतो आणि तो कळतो तेव्हा पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

बियाणे महाग असल्याने मोठे बटाटे कापून, प्रत्येक फोडीला एक-दोन डोळे ठेवून लावण्याची पद्धत आहे. कापलेली फोड म्हणजे एका बाजूने पूर्ण उघडा घाव. ती लगेच ओल्या, उबदार जमिनीत लावली तर कुजण्याची शक्यता मोठी. फोडी सावलीत, पातळ थरात, दमट गोणपाटाखाली काही दिवस ठेवल्या तर कापावर सुबेरिनचे अस्तर चढते. मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकाची भुकटी फोडींना चोळतात, ती बाहेरून येणाऱ्या बुरशीला रोखण्यासाठी. ती घाव भरण्याची जागा घेत नाही. कापण्याची सुरी अधूनमधून निर्जंतुक करणेही आवश्यक असते; अन्यथा एका रोगट बटाट्याचे जिवाणू शेकडो फोडींना लागतात.

घरापर्यंत आलेला बटाटा

ग्राहकाच्या दृष्टीने यातील काही गोष्टी सहज पाळण्याजोग्या आहेत. क्लोरप्रोफॅमचा बहुतांश अवशेष सालीत राहतो. शीतगृहातील बटाटा नीट धुऊन, सोलून वापरला तर तो मोठ्या प्रमाणात निघून जातो. मात्र साठवणीपूर्वी बटाटे धुऊ नयेत. पाण्याचा थर राहिला की कुज वाढते. धुणे शिजवण्याच्या वेळीच करावे. कापलेले, ठेचलेले बटाटे वेगळे काढून आधी संपवावेत. उरलेले अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत श्वसनाची वाफ कोंडते. फ्रीजमध्ये गोडी चढते. उजेडात हिरवे पडलेले किंवा कोंब फुटून मऊ झालेले बटाटे टाकून द्यावेत. त्यांतील अल्कलॉइडे उकळल्याने नाहीशी होत नाहीत.

शीतगृहाचे भाडे पोत्यामागे ठरते. आतला बटाटा टिकला वा कुजला, तरी भाडे चुकत नाही आणि सडलेला माल निवडून काढण्याची मजुरी वेगळी पडते. हा भार अखेर शेतकऱ्याच्या किंवा छोट्या व्यापाऱ्याच्या खिशातून जातो. त्या तुलनेत पाला वेळेवर कापणे, ढिगावर पेंढा टाकणे, पोती न आपटणे आणि फॉगिंग दोन-तीन आठवडे लांबवणे यांना फारसा खर्च नाही. कोणतेही कोंबरोधक निवडले तरी घाव बटाट्यालाच भरावा लागतो. त्याला लागणारे दिवस साठवणीच्या वेळापत्रकात आधीच मोकळे ठेवणे, एवढेच माणसाच्या हाती असते.